बावीस झरोके

नाशिक
२ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
प्रभूमध्ये सलाम, वि. वि.

चर्चमध्ये माझ्या हातचं काय काय आहे, असं भाऊजी विचारत होते म्हणून तू लिहिलंस. यादी देतो, एकही नग वाढवलेला नाही. सागाची चौदा बाकं, बसायची फळी पावणेदोन इंच जाड, कुठेही खिळा नाही. वेदीपुढचा कठडा. बाप्तिस्म्याच्या कुंडावरचं झाकण, त्याच्या कडीचं माप एक इंच दोन सूत. पेटीचा भाता, तीन वेळा. गीतांचे क्रमांक लावायची पाटी. आणि वळचणीखालचे बावीस झरोके, जे मी दहा वर्षांपूर्वी विटा-सिमेंटने असे बुजवले की तेव्हापासून आत एक कबूतर नाही. हे सगळं बघून बघून शिकलो. कुणा उस्तादाकडे एक दिवस राबलेलो नाही.

काल आगमनकाळाचा पहिला रविवार. पाळकसाहेब पहिली मेणबत्ती लावत होते आणि छपराचं वजन पेलणाऱ्या तिसऱ्या लाकडी कैचीखाली भिंतीचा गिलावा परातीएवढा निघून खाली आला. कोणाला लागलं नाही, कारण तिथे कोणी बसलंच नव्हतं. चौतीस माणसं, सगळी पुढच्या चार बाकांवर. धर्मप्रांताचा इंजिनिअर बघायला येणार आहे. मी म्हणालो की सव्वाशे वर्षांचा साग आहे, त्याला काय होतंय.

तुझी माया आहे तशीच राहो.

तुझा,
शांतवन


इगतपुरी
१४ डिसेंबर २०२४

चि. शांतवनास,
अनेक आशीर्वाद.

यादी मिळाली. तुझ्या भाऊजींनी माझ्या उजव्या कानात ओरडून वाचून दाखवली. डाव्या कानाने आता आगगाडीसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून तर फोन सोडून तुझ्या अक्षराची वाट बघते. भाऊजी म्हणाले की जगाची उत्पत्ती झाली तेव्हाही एवढी मापं कोणी लिहून ठेवली नव्हती. रागावू नकोस, त्यांना कौतुकच आहे.

पण गिलावा पडला कशाने, ते यादीत नाही. नीट बघ बाबा. माझं लग्न त्या छपराखाली लागलं, आईला निरोप त्याच छपराखाली दिला. मलाही शेवटचं तिथेच न्या, असं घरात सांगून ठेवलंय. पेटीजवळचं बाक माझं.

दत्तू गेल्यापासून घंटा नवसाबाईच वाजवते ना? नवरा तीस वर्षं चर्चची राखण करून गेला, आता ही एकटी आवारातल्या त्या खोलीत. तिच्यासाठी शाल पाठवते, आठवणीने दे.

आठवण ठेव, पत्रात कंजूषपणा करू नकोस.

तुझी,
इंदिराताई


नाशिक
२० जानेवारी २०२५

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

नाताळची उपासना पाळकसाहेबांच्या ओट्यावर झाली. चर्चला कुलूप आहे. आठ कैच्या, म्हणजे भिंतींवर टेकलेली सोळा टोकं. त्यांतली अकरा कुजली आहेत. इंजिनिअरने पेचकस खुपसला तो मुठीपर्यंत आत गेला. ठेकेदाराने जो आकडा सांगितला त्यात मंडळी दहा वर्षं वर्गणी देत राहिली तरी भागणार नाही. धर्मप्रांताचं पत्र आलंय: ३१ मेपर्यंत छप्पर पक्कं असल्याचा दाखला मिळाला नाही, तर आपल्याला दुसऱ्या मंडळीत सामील करायचं आणि ही इमारत कायमची बंद.

कमिटीच्या बैठकीत विषय निघाला की हे झालं कसं. सचिव रंगनाथराव म्हणाले की दत्तूने कौलांवरचा पालापाचोळा कधी काढला नाही, पाणी मुरत गेलं. त्यावर कोणीतरी काढलं की मग त्याच्या बायकोने फुकट खोली का अडवायची. नवसाबाईला ईस्टरपर्यंतची मुदत दिली आहे.

मलाही विचारलं. मी म्हणालो की पालापाचोळ्याने असं होऊ शकतं. होऊ शकतं, ताई. हे काही खोटं नाही.

शाल दिली. तिने डोळ्यांना लावली.

जास्त लिहवत नाही. सांभाळून घे.

तुझा,
शांतवन


इगतपुरी
१ फेब्रुवारी २०२५

शांतवन,
आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. झाकणाच्या कडीचं माप सुतात लिहिणारा माणूस, आणि लाकूड कशाने कुजलं एवढंच लिहायचं राहून गेलं? मग मीच लिहू का?

दहा वर्षांपूर्वीचा कापणीचा सण. मी वेदीपुढे भोपळे आणि द्राक्षांचे घड मांडत होते. तू शिडीवर, थापी हातात. दत्तू खाली उभा राहून म्हणत होता की दादा, छपराचा श्वास त्या झरोक्यांतून चालतो, त्याचं नाक दाबू नका, कबुतरांसाठी जाळी लावा. तू वरूनच सांगितलंस की त्याने घंटा वाजवावी, छपराचं तू बघशील. सगळे हसले. मीही हसले. तेव्हा माझे दोन्ही कान शाबूत होते, म्हणून आज हे सांगू शकते.

भाऊजी म्हणतात मी फार लागट लिहिते. लागू दे.

ताई


नाशिक
९ मार्च २०२५

ती. ताईस,
सलाम.

राखेच्या बुधवारी उपासनेनंतर मी किल्ली मागून घेतली आणि एकटाच आत गेलो. पटाशीने उत्तरेच्या भिंतीतला सातवा झरोका फोडला. वीट निघाली तसा ओल्या गोणपाटासारखा वास आला. कैचीच्या टोकाला हात लावला. लाकूड नव्हतंच, चहाची पूड होती. मुठीत घेऊन बसलो.

ताई, ते काम मी ओळंबा लावून केलं होतं. एक सूत फरक नाही. थोडं वेडंवाकडं केलं असतं तर चिरा राहिल्या असत्या, वारा खेळला असता, छप्पर वाचलं असतं. दुसऱ्या कुठल्याही गवंड्याने केलं असतं तर वाचलं असतं.

इंजिनिअरच्या अहवालात एक ओळ आहे की अप्रशिक्षित व्यक्तीने केलेली सर्व कामे तपासावीत. ती ओळ मला पाठ झालीय. माझ्याकडे पदवी नाही, प्रमाणपत्र नाही. लोक मला ओळखतात ते या दोन हातांवरून. चारचौघांत उभा राहून सांगितलं की हे माझ्या हातांनी झालं, तर उद्यापासून मी कोण? रोज नवसाबाईच्या दारावरून जातो. ती शाल पांघरून भांडी बांधत असते आणि मला सलाम करते. तो सलाम सोसत नाही.

परवा देवव्रत नावाचे एक गृहस्थ आले होते. गंगापूर धरणाकडे द्राक्षमळ्यात रिसॉर्ट बांधताहेत. बाकांवर हात फिरवून गेले. ते पुढे कधीतरी लिहीन.

माझ्यासाठी प्रार्थना कर, बाकी काही मागत नाही.

शांतवन


इगतपुरी
१८ मार्च २०२५

चि. शांतूस,
आशीर्वाद.

मला कबूल करून काय होणार? नवसाबाईची खोली तुझ्या घरापासून चार मिनिटांवर. इगतपुरीला पत्र यायला चार दिवस लागतात. तू लांबचा रस्ता धरलास.

आधी तिच्याकडे जा. मग मंडळीपुढे. मागून जे होईल त्यात मी तुझी ताईच आहे.

आणि तो धरणाकडचा माणूस काय देतो म्हणाला? तू मापं सोडत नाहीस आणि आकडा सोडलास, म्हणजे मोठा असणार.

जेवत जा.

ताई


नाशिक
२२ एप्रिल २०२५

ती. ताईस,
ईस्टरचा सलाम.

सांगितलं. आधी नवसाबाईला, गुरुवारी. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की दत्तू मरेपर्यंत पावसाळ्यात त्या छपराकडे बघून चुकचुकायचा, आणि तिला वाटायचं म्हातारपणामुळे. मग तिने बांधून ठेवलेली गाठोडी पुढे ढकलली आणि म्हणाली की हात एवढे हुशार आहेत ना दादा, तर ह्या गाठी सोडा. नऊ गाठोडी. सुतळी भिजवून आवळलेली. सव्वा तास लागला. तिने चहा विचारला नाही.

उत्तम शुक्रवारी ओट्यावर मंडळीपुढे उभा राहिलो. रंगनाथराव चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले की खोलीचा ठराव मागे घेऊ. त्यानंतर माझ्याकडे कोणी बघेना. ईस्टरला माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

छप्पर मी करणार आहे, विनामोबदला. कुजलेलं टोक कापायचं आणि दोन्ही बाजूंनी जाड फळ्या बोल्टने आवळायच्या. नवा साग ओला असतो, वर्षात पीळ खातो. मुरलेला साग एकाच ठिकाणी आहे. काल पाळकसाहेबांपुढे पहिलं बाक उलटं केलं आणि करवत लावली. खिळा नसल्याने कुठे अडली नाही.

अकरा टोकं, एकोणचाळीस दिवस. होत नाही असं गणित सांगतं.

शांतवन


इगतपुरी
३० मे २०२५

चि. शांतवनास,
आशीर्वाद.

पाच आठवडे तुझी एक ओळ नाही. या वर्षी पावसाने मे महिनाही सोडला नाही. इकडे ओढे वाहताहेत, भाऊजी छत्री घेऊन पोस्टात जाऊन रोज हात हलवत येतात. उद्या तुमची एकतीस तारीख.

छप्पर गेलं तर जाऊ दे. मला कुठूनही न्या, मेल्यावर मला काय कळतंय. पण तू ओल्या शिडीवर चढू नकोस. पन्नाशी उलटली तुझी. मी तुला फार टोचून लिहिलं, ते आता मलाच टोचतंय.

एका ओळीचं कार्ड टाक. नुसतं नाव लिही.

ताई


नाशिक
१ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
प्रभूमध्ये सलाम, वि. वि.

मध्यंतरी नुसती कार्डं टाकली, त्याबद्दल क्षमा कर. आज सगळं लिहितो.

सात टोकं झाली आणि पाऊस आला. ३१ मेला इंजिनिअर आला तेव्हा तीन कैच्यांवर ताडपत्री होती. दाखला नाही मिळाला. पाळकसाहेब धर्मप्रांताच्या कचेरीत तीन दिवस बसून राहिले, तेव्हा आगमनकाळापर्यंत मुदत वाढली. तोवर पाच घरं दुसऱ्या चर्चला गेली. पावसाळाभर मी ताडपत्रीच्या दोऱ्या आवळत होतो. डाव्या हाताची करंगळी आता वाकत नाही. उरलेली चार टोकं दिवाळीनंतर झाली.

दाखला गुरुवारी आला. एका वर्षापुरता. काम कोणी केलं, याचा त्यात रकाना नाही.

काल चर्च उघडलं. एकोणीस माणसं, सतरंजीवर बसली. बावीसही झरोके मोकळे केलेत, दत्तूने सांगितली होती तशी जाळी लावून. घंटा नवसाबाईने वाजवली. वाऱ्याने पहिली मेणबत्ती दोनदा विझली. पाळकसाहेबांनी तिसऱ्यांदा लावली.

पेटीजवळचं तुझं बाक मी शेवटपर्यंत ठेवलं होतं. ते आता सहाव्या कैचीच्या उत्तरेकडच्या टोकात आहे. आलीस की वर बघ. पुढच्या वर्षी छप्पर राहील का, मला माहीत नाही.

तुझा रागही असाच येत राहो, मायेसारखा.

तुझा,
शांतवन

ता. क. नऊ महिने विचारते आहेस, म्हणून एकदाच लिहितो. देवव्रतना चौदाही बाकं हवी होती, आणि एप्रिल ते जून मी तिथे राहून त्यांच्या वाइन चाखायच्या दालनावर आपल्या चर्चसारखं छप्पर उभारायचं होतं. दारावर पितळी पाटी, तिच्यावर माझं नाव. बाकांसाठी कमिटीची हरकत नव्हती, फक्त माझा होकार पाहिजे होता. मी नाही म्हणालो. सहा लाख चाळीस हजार रुपये.