बाबांची डावखुरी गाठ

प्रकाशा, मंगळवार

प्रिय भूपेशदादा,

नऊ वेळा फोन केला, उचलला नाहीस. म्हणून हे पत्र. आई म्हणते, कपाशीच्या गडबडीत आहेस. मला काय येडी समजतोस?

निवड चाचणीच्या दिवशी सर्फिंगच्या फळीवरचं शीड मी स्वतः चढवलं होतं. पाय रोवून, तळहात सोलेपर्यंत खालची दोरी ओढली, तेव्हा कुठे वरची कड हवी तशी सैल पडली. ती सैलच लागते रे! वाऱ्याचा झोत आला की तिथूनच निसटतो, नाहीतर शीड माणसाला उचलून आपटतं. उन्हाळ्यात अंगणात मांडून दाखवलं होतं तुला, आणि तू खाटेवर शेंगा खात नुसती मान डोलावत होतास.

मग मी हजेरी द्यायला गेले. परत येते तर शिट्टी झालेली, तशीच पाण्यात धावले. वर बघितलं नाही, ही माझी चूक. तिसऱ्या फेरीत झोत आला आणि मी तोंडावर आपटले. एका नंबराने निवड हुकली, जागा खापरच्या कामिनीला गेली. काठावर येऊन बघते तर खालची दोरी सोडलेली आणि मागची ओढून शीड ढोलासारखं ताणलेलं. माझं डोकंच फिरलं. सकाळी शिडापाशी कामिनी बसलेली होती, म्हणून सगळ्यांदेखत तिला नाही नाही ते बोलले. रागाने सुरी घेऊन दोरी कापली. आणि तू तिथेच होतास, दादा, पिकअपला टेकून. एक शब्द बोलला नाहीस!

काल पिशवी उघडली. आडव्या दांड्याच्या टोकाला कापलेल्या दोरीची गाठ तशीच होती. कपाशीच्या ट्रॉलीवर ताडपत्री बांधताना बाबा डाव्या हाताने मारायचे ती, उलट्या वळणाची. ती फक्त आपल्या दोघांना येते. शीड वर फडफडताना दिसलं, तुला ते ढिल्या ताडपत्रीसारखं वाटलं, आणि बहिणीचं काम पक्कं करून द्यायला तू हात घातलास. कळतं मला. त्याचा राग नाही. छे, आहे, खूप आहे! पण तो मी गिळला असता.

माझ्या तक्रारीवरून कामिनीची निवड अडकलीय. खापरला तिच्या घरी जाऊन माफी मागितली. ती एवढंच विचारत राहिली, मग कोणी केलं? ‘मन्हा भूपेश भोळा शे,’ असं आई म्हणते ते आठवलं आणि तुझं नाव तोंडातून निघालं नाही. लाज वाटते मला माझी.

रविवारी दहाला समिती बसणार आहे. ये, आणि सगळ्यांसमोर ती गाठ मारून दाखव. दोरी मी जपून ठेवलीय. साडेदहापर्यंत वाट बघेन. आला नाहीस तर गाठ मी मारून दाखवेन आणि सांगेन, शीड मीच बिघडवलं होतं, कामिनीवर आळ घ्यायला. माझं नाव कायमचं कटेल, कटू दे. असं का केलं ते आईला तू सांग.

अजून तरी तुझीच,
चेतना