पंधरा इमानी गिऱ्हाइकं

प्रिय इंतिसारताई,

तुझ्या गुडघ्यांना आराम पडो, भावोजींचा आवाज थोडा खाली येवो, आणि करकमधल्या तुझ्या सगळ्या जावा-नणंदांना माझा सलाम पोचो (सध्या जिच्याशी तू बोलत नाहीस ती सोडून, ती कोण ते कळव, म्हणजे मीही बोलणार नाही). आम्ही इथे अम्मानात देवाच्या कृपेने बरे आहोत. बरे म्हणजे मला झोप नाही, आमच्या ह्यांना, अबू उसैदांना, भूक नाही, आणि पोरगा उसैद दिवसातून चारदा फोनमधली एक चढती रेघ माझ्या नाकासमोर धरतो. ती रेघ त्याच्या कंपनीची आहे. ती कधी खाली येत नाही, आणि त्याचीच मला धास्ती आहे.

उसैदने बँकेतली नोकरी सोडली तेव्हा मी तुला फोन करून नुसती रडले होते, कारण सांगायचं राहूनच गेलं. तर त्याने 'जारतना' म्हणजे 'आपली शेजारीण' नावाची सेवा काढली. गल्लीतल्या बायकांनी घरी रांधायचं, लोकांनी फोनवरून मागवायचं, स्कूटरवाल्याने पोचवायचं आणि कंपनीने मधला वाटा ठेवायचा. ऐकायला किती सोपं! मीसुद्धा भुलले. पहिली स्वयंपाकीण म्हणून माझंच नाव लागलं. मी खालच्या मजल्यावरच्या उम्म सारीला ओढलं, तिने तिच्या विहिणीला, आणि असं करत आमच्या अश्रफियेच्या अर्ध्या डोंगरावरच्या बायका गोळा झाल्या. पण पहिल्याच बैठकीत उम्म सारी अडून बसली. म्हणाली, "अगं फद्वा, माणसाने जेवण मागितलं आणि मी लगेच हात पुढे करून पैसे घेऊ? 'राहू द्या, आमच्याकडून' एवढंही न म्हणता? माझी आई कबरीतून उठून येईल!" बाकीच्या बायकांनी डोक्यावरचे रुमाल सावरले आणि चपला शोधायला लागल्या.

उसैदने दोन दिवस डोकं खाजवलं आणि तोडगा काढला. जेवण मागवलं की फोनवर आधी स्वयंपाकिणीच्या नावाने पाटी झळकते, 'राहू द्या हो, आमच्याकडून!' त्यावर गिऱ्हाइकाने 'छे छे, देवाशपथ नाही' हे बटण दाबायचं. पुन्हा येतं, पुन्हा दाबायचं. तिसऱ्यांदा दाबलं की मग पैसे. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या मुलाला मशीनकडून माणुसकी वदवून घेता आली, असं मीच चारचौघींत सांगत फिरले. आता त्या पाटीच्या कोपऱ्यात एक बारीक फुली होती. बंद करायची फुली. ती प्रत्येक पाटीला असावीच लागते म्हणे. फुली दाबली तर आग्रह मान्य, जेवण फुकट, असं उसैदने ठरवलं, कारण दुसरं काही ठरवणं अपमानाचं झालं असतं. आणि ती कोणी दाबेल असं आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही. तूच सांग ताई, 'आमच्याकडून' हे ऐकून खरंच पैसे खिशात घालून चालू पडलेला माणूस तू आयुष्यात पाहिला आहेस का? (अम्मी म्हणायची तो खालिदमामा सोडून.)

पहिला आठवडा मोहल्ल्यातलीच गिऱ्हाइकं होती, तोवर सगळं सुरळीत चाललं. मग बातमी विद्यापीठाकडे पोचली. तिथल्या पोरांना दहा मिनिटांत तास गाठायचा असतो, तीनतीनदा शपथा घ्यायला वेळ कुठला? फुली दाबली आणि मांस-भाताची मकलूबा फुकट आली. मग दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने वसतिगृहाला. रेघ जी उठली ती उठलीच. आणि बायका 'आमच्याकडून' म्हणाल्या असल्या तरी ते म्हणजे कंपनीच्या खिशातून, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं. फुली काढून टाक म्हटलं तर उसैद म्हणतो की आता नव्वद टक्के लोक फुलीसाठीच येतात. आग्रह काढून टाक म्हटलं तर उम्म सारी चूल विझवते.

त्यात ताटांचा घोळ. प्लॅस्टिकच्या डब्यात जेवण पाठवणं म्हणजे पाहुण्याला दारातून घालवणं, म्हणून आम्ही चिनी मातीची ताटं पाठवली. ताट गेलं की परत यायलाच हवं, आणि ताट रिकामं परत पाठवायचं नसतं. ते परत येताना कोणी खजुराचे माअमूल घालतं, कोणी भरलेली वांगी, एका गृहस्थाने तर अख्खा मासा घातला. ते भरलेलं ताट आलं की आम्ही ते रिकामं कसं ठेवणार? आम्ही पुन्हा भरतो आणि स्कूटरवाला पुन्हा जातो. अश्रफियेच्या पायऱ्यांवर स्कूटर चढत नाही, म्हणून तो ताट डोक्यावर घेऊन चढतो आणि आम्हा सगळ्यांच्या पितरांची आठवण काढत उतरतो. या प्रत्येक फेरीचे पैसे उसैद देतो. दुबईहून त्याला भांडवल देणारा एक माणूस आला होता (पायात उंची बूट, मोजे नाहीत, मला वाटलं धुवायला टाकले असतील). तो रेघ बघून म्हणाला, वाह, एवढी लोकं परत परत येतात! कमाईचं विचारलं तर म्हणाला, ती नंतर. मी त्याला विचारलं, नंतर म्हणजे ईदच्या आधी की मागून? तो हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

हे सगळं मी सोसलं असतं, पण रनीमचं काय? उसैदला ती मुलगी किती आवडते हे तुला मी काय सांगू, पोरगा तिच्यासाठी इस्त्री करायला शिकला. तिचे वडील हाज अद्नान खाली बाजारात चाळीस वर्षं कॉफी आणि सुकामेवा विकतात. त्यांनी उसैदला समोर बसवून विचारलं, "बेटा, माझ्या दुकानात जो रोज येतो तो मला पोसतो. तुझ्या दुकानात जो रोज येतो तो तुला खातो. दोन वर्षांनी तुझं दुकान असेल का, एवढंच सांग. माझी मुलगी मला रेघेला द्यायची नाही." उसैदने खाली मान घातली. मग हळूच म्हणाला, काका, पंधरा जण आहेत. रोज मागवतात, रोज तीनदा शपथ घेतात, रोज पैसे देतात. एक दिवस चुकलेले नाहीत. हाज अद्नान माळ ओढत म्हणाले, "पंधरा थोडे आहेत, पण खरे आहेत. मी नवावर सुरुवात केली होती." असं करून जाहाचा, म्हणजे मागणीचा, दिवस ठरला. पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी आपली पुरुषमंडळी मागणी घालायला जातील, कॉफीचा पेला न पिता समोर ठेवतील, आणि हाज अद्नान 'प्या' म्हणाले तर प्यायची. 'प्या' म्हणाले नाहीत तर माझ्या मुलाचं काय होईल याचा विचार माझ्याने करवत नाही.

अबू उसैदांना कशाचंच काही नाही. ते सकाळी म्हणतात की हा धंदा म्हणजे चाळणीत पाणी, आणि दुपारी फिरायला निघून जातात. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, माझ्या हातच्या जेवणावर त्यांनी आजवर एकच शेरा मारला आहे, तो म्हणजे 'मीठ?'. तेव्हा त्यांच्याकडून धीर मिळेल ही आशा मी कधीच सोडली आहे. जाहाचं पुढारपण भावोजींनी करावं, एवढीच विनंती करायला हे पत्र लिहिलं. त्यांचा आवाज अशा वेळी उपयोगी पडतो. मुलांना प्रेम, तुला मिठी.

तुझी बहीण,
फद्वा

ता.क. विनंती खरं म्हणजे दुसरीच आहे. पंधरांपैकी अकरा मी आहे. शाळेतल्या माझ्या अकरा निवृत्त मैत्रिणींच्या फोनवरून मी मागवते, माझ्या पेन्शनमधून. पोरगा एका संध्याकाळी रेघ न दाखवता नुसताच बसला होता, ते मला बघवलं नाही. रोज अकरा वेळा तीन, म्हणजे तेहतीस शपथा होतात. आपल्या तसबीहच्या माळेचे मणी तेवढेच, आणि देवाला यातला फरक कळत असेल अशी आशा आहे. मैत्रिणी मात्र आता चटावल्या आहेत, हनानबाईंनी काल मुलुखियाची भाजी पातळ म्हणून दोनच तारे दिले. तर अडचण अशी की हाज अद्नानांनी कालच नवीन अट घातली. "अम्मानात तुला ओळखणारे पुष्कळ. जिथे तुझ्या आईला कोणी ओळखत नाही अशा गावात मला असे पाच दाखव." उसैदने करक सांगितलं, तिथल्याही दोघीतिघी आता त्याच्यासाठी रांधतात. तू तिथे असतेस हे हाज अद्नानांना माहीत नाही, आणि मावशी यात पडेल हे उसैदच्या स्वप्नातही नाही. ताई, तू पाच हो. वेगवेगळी नावं घे, फुलीकडे बघूसुद्धा नकोस. आणि जाहात भावोजींनी करकची फुशारकी मारू नये.

ता.ता.क. वरचं लिहून झाल्यावर पाकीट बंद करणार होते. मनाला एवढाच आधार होता की उरलेले चार तरी खरे आहेत. त्यातले एक उस्ताद कामिल. फार सभ्य माणूस. रोज माझंच जेवण मागवतात आणि ताटाबरोबर चिठ्ठी येते, 'या हातांना देव सुखरूप ठेवो.' त्या चिठ्ठ्या मी पिठाच्या डब्यामागे जपून ठेवल्या आहेत (यात वावगं काही नाही). आज त्यांचं ताट परत आलं त्यात सात बदाम होते, भिजवलेले, सोललेले. सात बदाम मी रोज सकाळी अबू उसैदांच्या कोटाच्या खिशात घालते, डॉक्टरांनी सांगितलेत म्हणून.

मी स्कूटरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "खाला, ते चारही जण पायऱ्यांवरच्या शिंप्याच्या दुकानातच असतात. एकच काका आहेत, एका बोटाने दाबतात, फार वेळ लावतात." म्हणजे पंधराच्या पंधरा आम्हीच. आत्ता अबू उसैद समोर बसलेत आणि भूक नाही म्हणताहेत. तू आता पाच होऊ नकोस, नऊ हो. ते चौघे मला उद्यापासून घरी जेवायला हवे आहेत.