आमदारांची डुकरीण

प्रिय केझियाताईस, धाकट्या थर्झाचा सप्रेम नमस्कार.

तुझी वाळवलेली सफरचंदं पोचली, मोजेही पोचले. होडीवाल्याने वीस सेंट घेतले (मागच्या खेपेला पंधरा होते, नदी काही रुंद झालेली नाही). प्रभूच्या कृपेने आमची प्रकृती ठीक. तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला?

आमचे हे आमदार झाले ते तुला ठाऊकच. नुसते वकील होते तेव्हा म्हाताऱ्या पिकेटची डुकरं शेजाऱ्याच्या मक्यात शिरली होती. हे कोर्टात गरजले, की देवाने डुकराला पाय दिले ते कुंपणाच्या आत बसायला नव्हेत! ज्युरीच्या डोळ्यांत पाणी. खटला जिंकला, पण पिकेटकडे पैसे कुठले? फी म्हणून पिल्लू आलं. तीच आपली डेबोरा.

आता राजधानीत जाऊन यांनी पहिला कायदा कोणता करावा? तर मोकळं डुक्कर दिसलं की कोंडवाड्यात! मकेवाल्यांची मतं जास्त ना. (त्या वेळचं भाषण यांनी स्वतः लिहिलं. ऐकताना दोघे झोपले म्हणे.) कायदा सोमवारी लागू झाला, मंगळवारी डेबोरा आत. तिला कुणी वाचून दाखवला होता?

सोडवून आणा म्हटलं, तर म्हणाले, "थर्झा, शनिवारी लिलाव होऊ दे तिचा. आमदार घरच्यांचीही गय करत नाही, हे लोकांना दिसेल. मला वरच्या सभागृहात जायचंय." मी म्हटलं, "मग तुमच्या उंच टोपीचा लिलाव करा, तीही गावभर मोकळीच फिरते." (हे जेवणाआधीची प्रार्थना संपल्यावर म्हटलं, मध्ये नाही.) हिवाळाभर घर डेबोराच्या पिल्लांवर जेवतं, टोपीवर नव्हे.

सरळ कोंडवाड्यावर गेले. रखवालदार हायरम म्हणाला, "बाई, कायदा तुमच्याच घरचा की!" मी फाटकाच्या आडव्या फळीवर चढले आणि यांचं ते जुनं कोर्टातलं भाषण घडाघडा म्हटलं. माणसं जमली. हायरमने नाक पुसत कडी काढली. "साहेबांपेक्षा तुम्हीच बरं बोलता," म्हणाला. बोलणारच. लिहिलं कुणी होतं?

हे आता माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. रविवारी देवळात मी पुढच्याच बाकावर बसले, आणि स्तोत्रही मोठ्याने म्हटलं.

तुझी,
थर्झा

ता. क. पत्र देणाऱ्या होडीवाल्याच्या मागे बघ. डेबोराच ती. नदीपलीकडे तुमचं राज्य वेगळं, तिथे यांचा कायदा चालत नाही. गाभण आहे, निम्मी पिल्लं तुझी.

आणखी ता. क. भावजीही यंदा निवडणुकीला उभे राहताहेत असं ऐकते. त्यांची भाषणं कोण लिहितं, तेवढं उलट टपाली कळव. तू लिहीत असशील तर डेबोरा तिथेच राहू दे. ते स्वतः लिहीत असतील तर तिला आणखी पुढच्या राज्यात धाडायला हवं.