दुकानासमोरचा बाक

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सलाम लिहू की नको, यातच माझी सकाळ गेली. चर्चच्या मंडळीतून ज्याचं नाव काढलं त्याला सलाम करायचा नाही, हे तुलाही पाठ आहे. शेवटी म्हटलं, तेरा वर्षांनी पत्र लिहायचं आणि त्यात साधा सलामही नाही, असं कसं चालेल? तर सलाम. तू बरी असशील, तुझे यजमान बरे असतील, मुलगी शाळेत जात असेल.

आई गेली. जानेवारीच्या चोवीस तारखेला, सकाळी न्याहारीच्या वेळी, खुर्चीत बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. मीच समोर होते. मी चहा ओतत होते आणि ती 'पुरे' म्हणाली नाही, म्हणून वर पाहिलं.

दफन दुसऱ्याच दिवशी झालं. तुला कळवलं नाही. बाबा म्हणाले, "कळवून काय करायचं? ती आली तर तिला बसवायचं कुठे?" बाबा आता वडीलमंडळाचे अध्यक्ष आहेत, त्यामुळे हा प्रश्न त्यांना खरोखरच पडला होता. मी गप्प बसले. गप्प बसण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

काल तिचं कपाट आवरायला घेतलं. सगळ्यात खाली आपले दोघींचे पोहायचे झगे निघाले. मनगटापासून घोट्यापर्यंत, निळे. पाण्यात घेर वर तरंगू नये म्हणून आईने काठात शिशाचे तुकडे शिवले होते, आठवतं? पोहणं कसलं, आपण नांगर टाकून उभ्या असायचो! तू एका वर्षी तुझे तुकडे उसवून पाळकीणबाईंच्या पर्समध्ये टाकलेस, आणि त्या दिवसभर खांदा धरून "हवा मानवत नाही गं इथली" म्हणत फिरल्या. रात्रीच्या प्रार्थनेत सगळ्यांनी त्यांच्या खांद्यासाठी विनवणी केली. आई मान खाली घालून थरथरत होती. बाबांना वाटलं ती गहिवरली.

आपली सुट्टी म्हणजे तरी काय होती? घरचे सगळे नियम पेटीत भरायचे आणि समुद्राकाठी नेऊन उघडायचे. सहाला प्रार्थना, आठ ते दहा पुरुषांनी पोहायचं, दहा ते बारा बायकांनी. रविवार म्हणजे प्रभुवार, त्या दिवशी समुद्राकडे बघायचंसुद्धा नाही, म्हणून बाबा खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडायचे. बारा कुटुंबं, बारा भिंती. पाठीमागे लाटा ऐकू येत. तू बोटाने गुडघ्यावर त्या मोजायचीस आणि मी घाबरून तुझा हात दाबायचे.

पत्र तिथल्या समुद्राकाठच्या तुझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे. पोचल्याचं कळव. नाही कळवलंस तरी मी काही म्हणणार नाही.

तुझी,
धाकटी


गुरुवार, २० फेब्रुवारी

प्रिय ताई,

सलाम. या वेळी विचार न करता लिहिला.

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, त्यात दोन प्रश्न. चार ओळी का होईना, तुझं अक्षर दिसलं. पोस्टमनने दारातच दिलं आणि मी ते एप्रनच्या खिशात घालून दिवसभर घर झाडत हिंडले. बाबा म्हणाले, "आज फार उत्साह आहे." आईला जाऊन महिना झालेला नसताना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिला प्रश्न, दुकानाचा पत्ता मला कसा माहीत. अगं, सगळ्यांनाच माहीत आहे! सुट्टीला तिथे आलेली मंडळीची मुलं पोस्टात जायला तीन गल्ल्या वळसा घालतात ती कशासाठी? तुझ्या दुकानावरून जावं लागू नये म्हणून. ज्या रस्त्याने जायचं नाही तो रस्ता आमच्याइतका कोणाला पाठ असणार?

दुसरा प्रश्न, "आईने माझं नाव तरी काढलं का?"

नाही काढलं. खोटं कशाला सांगू? तू त्या बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याबरोबर राहिलीस, त्या सुट्टीहून आम्ही तिघंच परतलो. पुढच्या प्रभुवारी सभेत तुझं नाव वाचून काढून टाकलं आणि त्या दिवसापासून ते घरात उच्चारलं गेलं नाही. पण आता जे सांगते ते नीट वाच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा म्हणाले, यंदा दुसरीकडे जाऊ. आई कधी त्यांच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. ती म्हणाली, "आपण काय केलंय? आपण का तोंड लपवायचं?" हे बाबांना पटलं. मग दर वर्षी तिथेच. तिथलीच हवा गुडघ्यांना मानवते, असं ती सगळ्यांना सांगायची.

आणि तिथे गेल्यावर पहिल्याच बुधवारी, बायकांच्या पोहायच्या वेळेला, ती मला म्हणायची, "चल, दोरा आणायचाय." दोऱ्याचं दुकान गावाच्या एका टोकाला. आम्ही जायचो दुसऱ्या टोकाला. तुझ्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे, बसथांब्याचा बाक आहे ना हिरवा? तिथे बसायचो. तू खिडकीत मशीनवर. मान खाली. आई पिशवी मांडीवर घेऊन बघत राहायची. बस यायची, थांबायची, आम्ही चढायचो नाही, बस जायची. पुढे पुढे ड्रायव्हर थांबेनासाच झाला, नुसता हात करायचा. आई त्यालाही मान लववायची, चर्चच्या दारात असल्यासारखी.

बोलायची नाही फार. एकदा म्हणाली, "पाठ वाकवून बसते, सांगायला हवं कोणीतरी." एकदा तुझं पोट दिसत होतं, त्या वर्षी आम्ही बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तिन्ही दिवस दोरा आणला. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, एवढा दोरा कशाला? तर आईने खरंच तीन रिळं दाखवली. खोटं बोलायचं नाही म्हणून येताना त्या दुसऱ्या टोकाला जाऊन दोरा घेऊनच यायची, गुडघे दुखत असले तरी. कपाटात पंधरा-सोळा रिळं निघाली. बहुतेक पांढरी. रंग निवडण्यात तिचं लक्ष नसायचं.

तर, नाव काढलं नाही. पण बारा उन्हाळे ती तुला बघून आली. हे तुला आधीच कळायला हवं होतं.

शेवटच्या एक-दोन वर्षांत तिला रस्त्यापलीकडचं दिसेनासं झालं होतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मग मी सांगायचे, आज निळं घातलंय, आज केस कापलेत. मग आत का आली नाही, असं तू विचारशील. नियम, ताई. तुला माहीत आहेत. दुसरं काय असणार?

पुरे करते. बाबांच्या जेवणाची वेळ झाली. एक मिनिट उशीर झाला की घड्याळाकडे बघतात, बोलत काही नाहीत.

तुझी,
धाकटी


मंगळवार, ११ मार्च

प्रिय ताई,

सलाम.

तुझं सहा पानी पत्र आठवडाभर माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे. हिरव्या बाकाबद्दल वाचून तू दुकान बंद करून त्यावर जाऊन बसलीस, हे वाचताना मला रडू आवरलं नाही. आणि मग शेवटच्या पानावर तू विचारलंस: गेल्या उन्हाळ्यात काचेच्या दाराशी कोणीतरी आलं आणि आत न येताच परत गेलं, तुला भास वाटला होता, पण आता वाटतं, ती मी असेन का?

मीच होते.

मागच्या पत्रात मी नियमांवर ढकलून मोकळी झाले. आता नीट सांगते, कारण तू विचारलंयस.

आई गेल्या उन्हाळ्यात आत येणार होती. तिने बारा वर्षं डोकं चालवून वाट शोधून काढली होती. काढून टाकलेल्या माणसाशी जेवायचं नाही, प्रार्थना करायची नाही, गप्पा मारायच्या नाहीत, पण कामापुरतं बोलायला हरकत नाही. डॉक्टर असेल तर औषध घ्यावं, दुकानदार असेल तर सामान घ्यावं. हे पाळकसाहेबांनीच एकदा प्रवचनात सांगितलं होतं. आई म्हणाली, "शिवणाऱ्याला कपडा द्यायचा तर काय हवंय ते सांगावंच लागतं ना? आणि तो विचारेल त्याचं उत्तरही द्यावं लागतं."

पण काम खरं हवं. कपडा धड असताना फाटलाय म्हणायचं, ते तिला जमणारं नव्हतं. म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात तिने आपल्या करड्या कोटाचं अस्तर स्वतःच्या हातांनी उसवलं. दिसत नव्हतं तरी, बोटांनी चाचपत, एकेक टाका. मी म्हटलं, "अगं, चांगला कोट आहे." म्हणाली, "होता. आता त्याला शिवायला टाकावं लागेल." आणि हसली. मी तिला इतकं खोडकर कधी पाहिलं नव्हतं. ते तुझं हसू होतं.

भर उन्हाळ्यात हातावर लोकरी कोट घेऊन ती बाकावर बसली. म्हणाली, "आधी तू बघून ये. गिऱ्हाईक असेल तर थांबू. ती एकटी असेल तेव्हाच जाऊ."

मी रस्ता ओलांडून आले. तू एकटी होतीस. म्हणजे तू आणि तुझी लेक. ती टेबलाखाली बसून टेपने तुझ्या पायाच्या घोट्याचं माप घेत होती, आणि तुझ्या ओठांत टाचण्या होत्या, म्हणून तू तोंड मिटून हसत होतीस. खांदे हलत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं हसून.

ताई, मला वाटलं होतं तू दुःखी असशील. लांबून बघताना तुझी मान खाली असायची, आणि ती दुःखाने झुकलीय अशी मी समजूत करून घेतली होती. मी सगळं सोडलं ते त्या समजुतीवर. सुतारकाम करणाऱ्या एका भल्या माणसाला मी लग्नाला नाही म्हटलं, तो मंडळीतलाच होता, बाबांचीही हरकत नव्हती. पण आईचे गुडघे, मग बाबांचा दमा, मग आईचे डोळे. मी एकही नियम मोडला नाही. आणि मला कोणी असं हसताना कधी पाहिलेलं नाही. आता आई आत जाणार, तू उठणार, ती पोर टेबलाखालून बाहेर येणार, आणि मी कोट धरून कोपऱ्यात उभी राहणार. माझ्या अंगाची आग आग झाली.

मी परत आले आणि म्हटलं, "बंद आहे. कोणी नाही."

आईने दुकानाच्या दिशेला तोंड केलं. तिला नुसता उजेड दिसत असणार. म्हणाली, "पडदा ओढलाय?"

म्हटलं, "हो."

ती म्हणाली, "बरं झालं तू बघून आलीस. मी उगाच धडपडले असते."

दुसऱ्या दिवशीही तिने विचारलं. मी म्हटलं, सुट्टीवर गेली असेल. तिसऱ्या दिवशी आम्ही सामान बांधलं. जाताना म्हणाली, पुढच्या वर्षी येऊ.

पावसाळ्यानंतर तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं तिने, आणि मला म्हणाली, "आता तुला त्रास नाही. मी स्वतःच बघेन." त्या वेळी सांगायला हवं होतं. रोज म्हणायचे, उद्या सांगेन. थंडीत ती तोच कोट घालायची, अस्तर गुडघ्याशी लोंबत असायचं. मी सुई घेऊन बसले तर हात बाजूला केला. म्हणाली, "राहू दे. ते तिच्याकडेच शिवायचंय."

तेरा वर्षांत तुझ्याबद्दल घरात उच्चारलेला तो एकच शब्द. 'ती'.

बाबांनी मे महिन्याच्या खोल्या ठरवून टाकल्या आहेत. मी त्या बाकावर बसणार नाही. तू ये म्हणालीस तर दारातून आत येईन, मग मंडळीतून माझं नाव काढलं तरी चालेल. नको म्हणालीस तर त्या रस्त्याला फिरकणार नाही. कोट वेगळ्या पार्सलने पाठवला आहे. त्याचं काय करायचं ते सांगायचा मला अधिकार नाही.

मी विचार केला होता, सभेत उभं राहून कबूल करावं. आपल्याकडे रिवाजच आहे. पण मग लक्षात आलं, काय होईल. बाबा मान डोलावतील. पाळकसाहेब म्हणतील, भगिनीने मोहाच्या क्षणी आईला सावरलं. पाळकीणबाई माझा हात हातात घेतील. जगात मी एकच पाप मनापासून केलं, आणि त्याबद्दल इथे मला शाबासकी मिळेल.

आईने माफ केलं असतं, तीही उरली नाही. माझ्यावर रागावू शकेल असं माणूस आता तू एकटीच आहेस. हात जोडून सांगते, घाईने माफ करू नकोस.

तुझ्या रागाची वाट बघणारी,
तुझी बहीण