मखमली शेंग आणि वरूडचं स्थळ

७ डिसेंबर, रविवार

आज मुलगी पाहायला गेलो आणि शेणानं माखून परत आलो!

वरूडला शेषरावांची संत्र्याची बाग. मुलगी प्राजक्ता – बाग तीच सांभाळते. चहा झाल्यावर शेषराव म्हणाले, "जा, दोघं बगीचा पाहून या." गेलो. मला काही बोलायला सुचेना. कुंपणावर एक वेल, तपकिरी मखमली शेंगा लटकलेल्या. म्हटलं, "किती मऊ!" – आणि एक तोडून सरळ गालाला लावली.

"ओऽ! खाजकुयरी हाये ते! चोळू नका!"

मी चोळलं. गाल, मान, मग दोन्ही हात. संत्र्याच्या झाडाभोवती अक्षरशः नाचलो. तिची आई ताजं शेण घेऊन धावत आली. "लावा! वाळलं का त्याच्यासंगं कुसं निंघतात."

शेण वाळेपर्यंत ओसरीवर बसलो. समोर माझे आई-बाबा. परतताना एसटीत माझ्या शेजारी कुणीच बसलं नाही.

८ डिसेंबर

गाल भज्यासारखा. मी शिकवतो त्या क्लासमधली पोरं गणित सोडून माझ्याकडेच बघत होती.

११ डिसेंबर

वरूडहून काही निरोप नाही. आई म्हणते, "येणार बी नाही." मला ती फार आवडली होती, हे कुणाला सांगू?

संध्याकाळी मोबाइलवर फोटो – प्राजक्ताचा! म्हणजे एका रोपट्याचा. "हे काय हाये, ओळखा."

मी लिहिलं – कोथिंबीर.

"गाजरगवत! बारकी पांढरी फुलं दिसत नाहीत काय? हात लावसान तं अंगभर पुरळ उठीन."

१६ डिसेंबर

आता रोज फोटो येतो. खाजकुयरी पाठ झाली – एका देठाला तीन पानं, फुलं जांभळी, शेंगेवर लव.

आज वलगावला माझ्या मित्राच्या, किशोरच्या शेतात गेलो. तो शेंगा तोडायला वाकला. तीन पानं! शेंगेवर लव! मी किंचाळलो, "किशोर, मागं हो!"

"अबे, तूर हाये ते! रोज वरण कायचं खातं बे?"

प्राजक्ताला सांगितलं. फोनवर हसता हसता तिला ठसकाच लागला. मग म्हणाली, "पण भेले तुमी किशोरभाऊसाठी. चांगलं हाये."

तेव्हापासून तेच वाक्य डोक्यात.

२१ डिसेंबर

वरूडहून होकार! आई पेढे वाटत सुटली. शेजारणींना सांगते आहे, सुनेसाठी वरची खोली रंगवायची.

२२ डिसेंबर

प्राजक्ताचा फोन. "मी बाग सोडून काही येत नाही. तुमीच इकडे राहसान का?"

हो म्हणालो! विचारसुद्धा केला नाही.

आई रंगाचा डबा घेऊन आली आहे. मी घरजावई होतोय, हे तिला कोण सांगणार?