पोत्यांमागची बाटली

२ मार्च, शनिवार

वाटाण्याच्या शेंगा निम्म्या परत आणल्या. कोथिंबीर पण.

"इंजिनियर, भाजी विकताय की मयताला बसलाय?" तार्हेलियाबाई म्हणाली आणि मग स्वतःच जीभ चावली. बाजार तीच चालवते. बोलायचा तिला हक्क आहे.

मी इंजिनियर नाही. जमीन मोजणीच्या कचेरीत एकतीस वर्षं नकाशे काढले. पण आमच्या डोंगरात हातात पट्टी-पेन्सिल धरणारा प्रत्येक जण इंजिनियर!

माझी बायको ओब्दुलिया हिला जाऊन सहा आठवडे झाले. जागेवर अजून तिचीच पाटी आहे. लाकडाची. वर बाजाराचा शिक्का, खाली तिचं नाव. शिक्का म्हणजे या बाईच्या शेतात औषध नाही, रासायनिक खत नाही, आणि त्याला बाकी सगळे शेतकरी जामीन आहेत. लोक पाटी वाचतात, मग माझ्याकडे बघतात.

"आमची कासेरा, नेहमीची भाजीवाली, कुठंय? बारा वर्षं तिच्याकडूनच घेतेय मी." आज तिघींनी विचारलं. तिघींना सांगितलं. तिसरीला सांगताना आवाज बरा लागला.

एक जण सामान घेऊनही पिशवी उघडी धरून उभीच. "आणि यापा?" — वरचं फुकटचं घालायला विसरलोच होतो. मूठभर कोथिंबीर वर घातली. "ओब्दुलिया दोन मुठी घालायची." दोन घातल्या.

५ मार्च, मंगळवार

पाटी माझ्या नावावर व्हायची तर शेताची पाहणी होणार. चौदा तारखेला. तिघे येतील: तार्हेलिया, गिऱ्हाइकांतर्फे नोएमीबाई, आणि शेतकऱ्यांतर्फे रोसेन्दो. म्हणजे आमचा शेजारी, माझ्या मुलीचा धर्मपिता, माझा कोंपाद्रे. ओब्दुलियाला तो ‘पोलीस’ म्हणायचा. एका पाहणीत तिने त्याच्या गोठ्यात युरियाचं पोतं पकडलं होतं. हंगामभर बाजाराबाहेर बसला. जुनी गोष्ट, पण तो विसरणाऱ्यातला नाही.

ईस्टरच्या आत पाटी मिळाली नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. फानेस्का, म्हणजे ईस्टरचं घट्ट सूप, करायला त्या आठवड्यात सगळं गाव बारा प्रकारची धान्यं आणि शेंगा घ्यायला येतं. मोकळी जागा कोण ठेवेल?

मला विक्रीचं विशेष नाही. पेन्शन आहे. पण आठवड्यातून एक दिवस त्या जागेवर लोक तिचं नाव घेतात. घरात कोणी घेत नाही. मी पण नाही.

९ मार्च, शनिवार

आज मुळे सगळे गेले. यापा विसरलो नाही.

१० मार्च, रविवार

पाहणीसाठी खोपट झाडायला घेतलं. कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांची चवड आहे. मागे बाटली.

बटाट्यावर करपा पडला की फवारतात ते औषध. निम्मं शिल्लक. वर्तमानपत्रात गुंडाळलेली नाही, काही नाही. नुसती उभी. बुडाखाली धुळीत गोल ठसा, म्हणजे खूप दिवसांची. लेबलवर साल २०१८.

लेबलवर पेनाने आडवी रेघ मारलेली. औषधाच्या पातळीला बरोबर. पट्टी न लावता मारलेली, थोडी तिरकी. रेघेशेजारी तीन अक्षरं, कोणाची तरी सही असावी. वाचता येत नाही.

खोपटात ती सोडून कोणी जात नसे. मी तर नाहीच.

पोती पुन्हा लावून ठेवली. हात धुतले. पुन्हा धुतले.

११ मार्च, सोमवार

काही कळत नाही.

ओब्दुलिया — जी पानावरची अळी बोटाने काढून कोंबड्यांना घालायची, कागदी पिशवी फाटेपर्यंत वापरायची, शेजारच्या शेतातून वास आला तरी धुतलेले कपडे आत घ्यायची. तिची बाटली? मग पाटी? बारा वर्षं गिऱ्हाइकांच्या तोंडावर जे सांगितलं ते?

की कोणी आणून ठेवली? रोसेन्दोच्या आणि आमच्या शेतात फक्त कुंपण आहे. खोपटाला कडी आहे, कुलूप नाही.

२०१८ मध्ये माझं पोटाचं ऑपरेशन झालं. पाच महिने पलंगावर होतो. त्या वर्षातलं मला छताशिवाय काही आठवत नाही.

१२ मार्च, मंगळवार

मारिबेलचा न्यू जर्सीहून फोन आला. तिला सांगितलं. सांगायचं नव्हतं.

"पपा, फेकून द्या ना!"

"कुठे?"

"कुठे म्हणजे? बाहेर!"

बाहेर म्हणजे कुठे? मातीत ओतली तर माती तिची. ओढ्याला खाली बायका कपडे धुतात. कचऱ्याची गाडी वळणावर हिसका देते, पिशव्या पडतात, कुत्री फाडतात. दुपारी शेतीच्या औषधांच्या दुकानात जाऊन विचारलं. पोरगी म्हणाली, "रिकामी असेल तर तीनदा विसळून आणा. औषध असलेली आम्ही परत घेत नाही. तुमचं नाव काय काका?" नाव न सांगताच बाहेर पडलो. एकसष्टाव्या वर्षी चोरासारखा!

मारिबेल आणखीही बोलली. "मम्मी गेली. गेलेल्या माणसाला कोण जाब विचारतं?" मला विचारतील, म्हणालो. "मग तुम्ही म्हणा, मला माहीत नाही. खरंच तर आहे!"

खरंच आहे. हेच तर खरं आहे.

१३ मार्च, बुधवार

बाटली घरात आणली. तिच्या तपकिरी शालीत गुंडाळून कपाटात ठेवली. दुसरं कापड हाताशी नव्हतं.

शाल आता धुवावी लागेल. अजून तिचा वास होता.

१४ मार्च, गुरुवार

नऊला आले. तार्हेलियाने माती मुठीत घेऊन हुंगली, खताचा ढीग फावड्याने उलटा केला, गांडुळं बघून मान हलवली. नोएमीबाई घागरा वर धरून वाफ्यावाफ्यातून हिंडल्या, शेंगा तोडून कच्च्याच खाल्ल्या. "पाहणी करताय की नाश्ता?" रोसेन्दो म्हणाला. "मी गिऱ्हाईक आहे. माझी पाहणी दातांनी होते!" कुईंच्या, खायला पाळलेल्या गिनीपिगांच्या, पिंजऱ्यापाशी बाई खूप वेळ रमल्या. सगळ्यांत लठ्ठ कुईला रोसेन्दोचं नाव दिलं.

मी पण हसलो. जानेवारीनंतर पहिल्यांदा असेल.

मग तार्हेलिया खोपटात गेली. इकडे-तिकडे न बघता सरळ कोपऱ्यात. पोत्यांची चवड दोन्ही हातांनी बाजूला केली.

मागे धुळीत गोल ठसा. बाकी काही नाही.

ती ठशाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "इंजिनियर, इथं काही होतं का?"

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

रोसेन्दो छपराकडे बघत होता. तार्हेलियाने पाहणीचा कागद घडी करून कमरेला खोचला. "सही बुधवारी सभेत करू."

"अगं, सगळं तर छान आहे!" नोएमीबाई म्हणाल्या.

"छानच आहे," ती म्हणाली आणि निघाली. रोसेन्दो मागे रेंगाळला. मला वाटलं काही बोलेल. कडी लावून गेला.

१५ मार्च, शुक्रवार

तार्हेलियाला कसं माहीत? सरळ कोपऱ्यातच का गेली?

एकच उत्तर सुचतं: ज्याने ठेवली त्याने सांगितलं. सकाळी कुंपणापाशी गेलो. रोसेन्दो बादलीत दूध काढत होता. त्याला सरळ विचारलं: खोपटात काही ठेवलं होतंस का? माझा आवाज चढला होता. माझा आवाज कधी चढत नाही.

तो उठला नाही. गाईच्या पोटाला डोकं टेकवून म्हणाला, "कोंपाद्रे, मी तुमच्या बायकोवर रागावलो होतो. खूप. पण असलं काम मी करणार नाही."

"मग तार्हेलियाला कोणी सांगितलं?"

"सभेत या."

"तू सांग."

"सभेतलं सभेतच राहतं. तुमच्या बायकोनंच तो नियम करून घेतलाय. मला आत्ता धार काढू द्या."

म्हणजे त्याला काहीतरी माहीत आहे. तार्हेलियाला पण. बाटली तिची आहे की नाही हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. ‘तिची’ म्हणाला असता तर?

१६ मार्च, शनिवार

तिच्या पाटीखाली उभा राहून भाजी विकली. नोएमीबाई फानेस्कासाठी कोवळा घेवडा आणि मका बघायला आल्या. पुढच्या आठवड्यासाठी चार किलो बाजूला ठेवायला सांगितलं. मी एक शेंग पुढे केली, चाखून बघा म्हणालो.

"इथं नको. पाटीवर ओब्दुलियाचं नाव आहे तोवर मी चाखून घेत नाही. आमच्या ह्यांना डॉक्टरांनी औषध मारलेलं काही खाऊ नका सांगितलं, तेव्हापासून इथलंच चालतं घरात."

शेंग हातातच राहिली. यापा म्हणून तीन मुठी घातल्या. "लाडावून ठेवताय मला," म्हणाल्या.

घरी येताना बसमध्ये एकदा वाटलं बाटली ओढ्यात टाकावी. एकदा वाटलं सभेत सांगावं. सांगितलं तर पाटीवरून तिचं नाव पुसतील आणि या बाईला मी काय उत्तर देऊ? नाही सांगितलं तर या बाईला मी काय विकतोय? उतरायचा थांबा चुकला. दोन किलोमीटर चालत आलो.

१८ मार्च, सोमवार

तार्हेलिया स्वतः तर ठेवणार नाही ना? तिच्या भाचीला जागा हवी आहे असं ऐकतो.

— हे लिहिल्याची लाज वाटते. खोडत नाही.

१९ मार्च, मंगळवार

शाल धुतली नाही.

२० मार्च, बुधवार

सभा चर्चच्या मागच्या खोलीत. बावीस माणसं. माझी पाळी आली तेव्हा पिशवीतून शाल काढून टेबलावर ठेवली आणि सोडली. पाठ केलेलं सगळं विसरलो. इतकंच म्हणालो: ही आमच्या खोपटात होती. पाहणीच्या आदल्या दिवशी मीच उचलून लपवली. ही कोणाची, मला माहीत नाही. तिची असली तर पाटी काढून घ्या. पण तिच्याबद्दल काही बोलायचं असेल ते मी बाहेर गेल्यावर बोला.

कोणी ओरडेल असं वाटलं होतं. मग मागून रोसेन्दोचा आवाज: "सगळ्या सभेला माहीत, नवऱ्याला सोडून!" दोघी-तिघी हसल्या. तार्हेलियाने त्यांच्याकडे बघितल्यावर गप्प झाल्या.

तिने बाटली उचलून दिव्याकडे धरली, रेघेशी डोळा नेला. "रेघेवरच आहे. थेंब कमी नाही."

मग तिने सांगितलं. सभेतलं आहे, पण मीही आता सभेतलाच, म्हणून लिहितो.

मी पलंगावर असताना ओब्दुलियाला शेतात जायला वेळ नव्हता. दोनदा बस बदलून दवाखाना, परत येऊन माझं सगळं. बटाट्यावर करपा आला. चार दिवसांत पानं काळी. तिने बाटली आणली आणि फवारली. एकदाच. पुढच्याच सभेत आपणहून उभी राहिली आणि याच टेबलावर बाटली ठेवली.

"आम्ही म्हटलं, जाऊ दे गं, नवरा मरायला टेकलाय तुझा," तार्हेलिया म्हणाली. "ऐकेना. रोसेन्दोला बाहेर काढलं तसं मला पण काढा म्हणाली. भांडली आमच्याशी — मला शिक्षा करा म्हणून! शेवटी ठरलं, हंगामभर बटाटा विकायचा नाही. बाकी भाजी चालेल."

"आणि बाटली?"

"कुठं टाकणार? जागच्या जागी राहू दे म्हटलं. रोसेन्दोनं रेघ मारून सही केली. दर पाहणीला आम्ही पोती सरकवून रेघ बघतो. सहा वर्षं. यंदा बघायला गेले तर बाटलीच नाही, आणि तुम्ही तोंडावर नाही म्हणताय! दिसली असती तर मी तिथंच सही केली असती."

म्हणजे जी लपवली तीच दाखवायची होती.

मी विचारलं, त्या बटाट्यांचं काय झालं? तीन पोती तरी निघाले असतील.

तार्हेलियाने खांदे उडवले. "मी बघते म्हणाली होती. बाहेर कुठं जाऊ देणार नाही म्हणाली. कुईंना घातले तर कुई कोणीतरी खाणार."

"पुरले नाहीत," रोसेन्दो म्हणाला. "एवढा खड्डा खणला असता तर मला कुंपणावरून दिसलं असतं. विकले नाहीत, त्याचीही खात्री. त्या वर्षी मी डोळ्यांत तेल घालून होतो — पोलिसाला पकडायची एवढी संधी!"

या वेळी सगळेच हसले. कागदावर बावीस सह्या झाल्या. नवी पाटी शनिवारी मिळेल. ओब्दुलियाचं नाव राहू दे, माझं खाली घाला, असं मी म्हणालो. तेवढं मोठ्याने बोलता आलं.

२१ मार्च, गुरुवार

२०१८ मधला, दवाखान्यातून सोडताना दिलेला पथ्याचा कागद दुपारी सापडला. आता आठवतं, घरी आल्यावर पाच महिने माझ्या ताटात भात होता आणि तिच्या ताटात बटाटे. सकाळ, दुपार, संध्याकाळ. एकदा चिडून बटाटा मागितला होता. "डॉक्टरांनी तुला मना केलाय," म्हणाली आणि ताट माझ्या हातापासून लांब ओढलं.

कागदावर पहिली ओळ: उकडलेला बटाटा, रोज, हवा तेवढा.