डंकननं माझा हात धरला

ब्रॅकनेल, नोव्हेंबर २००६

ती. बाबा,
नमस्कार. मी सुखरूप आहे, हे आधी. आईला सांगा, खांद्याला नुसतं खरचटलंय.

ऑफिसातल्या डंकनबरोबर स्कॉटलंडला हरणाच्या शिकारीला गेले होते, फक्त बघायला. तुम्ही चिडाल म्हणून फोनवर बोलले नाही. त्यानं हरीण पाडलं, पोट फाडायला वाकला आणि झुडपातून एक प्यूमा, बिबट्याएवढं मांजरकुळातलं जनावर, थेट त्याच्या मानेवर आला. कुणीतरी पाळून सोडलेला असणार, इथे ही जात नाहीच.

मला बंदूक चालवता येत नाही. तुमच्यासारखी जंगलखात्यात थोडीच आहे मी! पण तुम्ही शिकवलंत तसं केलं, पाठ दाखवली नाही. डंकनची बंदूक उलटी धरून दस्ता प्यूमाच्या थोबाडावर हाणला. डंकन वाचला. ऑफिसात सगळे मला शूर म्हणतात.

पण बाबा, दुसऱ्याच फटक्याला त्या जनावरानं डंकनला सोडलं होतं. डोळा फुटला होता, ते सरपटत पळू बघत होतं. मी मागे जाऊन मारत राहिले. ते हलायचं थांबलं, तरी मारत होते. शेवटी रक्तानं माखलेल्या डंकननंच माझा हात धरला.

बीपीच्या गोळ्या घेताय ना?

आणि गावात शिरलेला बिबट्या तुम्ही काठीनं मारलात, तेव्हा तुमचा हात कुणी धरला होता?

तुमची,
कस्तुरी